ह्यूस्टनचं रॅप इतकं संथ का?

खर्जातला

यूट्यूबवर कुठलंही हिंदी-मराठी गाणं शोधा, खाली त्याची 'स्लोड अँड रिव्हर्ब' आवृत्ती हमखास सापडते. चाल ढिली केलेली, आवाज खाली उतरलेला, वरून घुमारा. बऱ्याच जणांना हा इंटरनेटचा नवा खेळ वाटतो. त्याची मुळं मात्र टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात आहेत, १९९० च्या आसपासची. त्यामागचा माणूस म्हणजे तिथला डीजे रॉबर्ट अर्ल डेव्हिस ऊर्फ डीजे स्क्रू. जन्म १९७१, मृत्यू १६ नोव्हेंबर २०००. वय फक्त २९.

हिप हॉपच्या गप्पा न्यूयॉर्कला सुरू होतात आणि लॉस एंजेलिसला संपतात. अमेरिकेच्या दक्षिणेचं नाव निघालंच तर अटलांटा. ह्यूस्टनचा विषय तर "ते कफ सिरप पिणाऱ्यांचं संगीत" एवढ्यावर मिटवतात. हे मला साफ चूक वाटतं. तो संथपणा गाडीतून आला, कॅसेटमधून आला, आणि त्या शहराच्या अवाढव्य पसाऱ्यातून आला, असं माझं मत आहे.

जाणकारांनी लिहावं. संथ का, आणि प्रत्यक्षात करायचं कसं?

रानवारा

वाचतेय. बॅटरी उतरलेला टेपरेकॉर्डर जसा वाजतो, तसंच ना हे?

चार_तार

@रानवारा, अगदी तसंच. फीत हळू फिरली की लय आणि पट्टी दोन्ही एकदम उतरतात. फरक एवढाच की बॅटरी उतरताना वेग डळमळतो. इथे तो ठरवून, मोजून आणि स्थिर उतरवलेला असतो.

कृती सांगतो. दोन टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवायची यंत्रं, मध्ये मिक्सर. टेक्निक्स १२०० या टर्नटेबलवर वेगाची सरकपट्टी अधिक-उणे ८ टक्के. ती पूर्ण खाली ओढली तर मिनिटाला ९० ठोक्यांचं गाणं ८३ वर येतं. स्क्रूच्या गाण्यांचा संथपणा याहून बराच जास्त आहे, म्हणजे नुसत्या टर्नटेबलवर ते भागत नाही. खरं काम पुढे होतं. ते मिक्स चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर घ्यायचं. त्या यंत्राला वेगाची वेगळी चावी असते, मॉडेलनुसार साधारण १२ ते १५ टक्क्यांची. ती चावी खाली करून वाजवायचं आणि ते वाजतं तसं साध्या कॅसेट डेकवर उतरवून घ्यायचं.

हिशोब असा: ०.९२ गुणिले ०.८८ म्हणजे ०.८१. मिनिटाला ९० ठोके होते, ७३ उरले. पट्टी साडेतीन अर्धस्वरांहून जास्त उतरली. पेटीच्या भाषेत काळी चारचा गायक पांढरी तीनच्या जरासा वर येऊन बसला.

मधली पायरी टाळता येत नाही, कारण ही चार ट्रॅकची यंत्रं बहुतेक दुप्पट वेगाने फीत फिरवतात आणि फितीची सगळी रुंदी एकाच दिशेला वापरतात. ती कॅसेट घरच्या डेकमध्ये घातली तर दोन ट्रॅक सरळ आणि दोन उलटे, तेही निम्म्या वेगाने. म्हणून शेवटची प्रत वेगळी काढावीच लागते.

विलंबित

एक दुरुस्ती. वर कुणी लिहिलेलं नाही, पण पुढे कुणीतरी लिहीलच की हा आपला विलंबित ख्याल झाला. नाही झाला. विलंबितात लय उतरते, षड्ज जागचा हलत नाही. शिवाय दोन मात्रांमधली जागा गवई भरून काढतो. इथे षड्जच खाली जातो, गाणाऱ्याचं वय आणि अंगकाठी बदलल्यासारखं वाटतं. श्वास लांबतो, 'स' आणि 'श' मऊ होतात, टाळी जड पडते. हा वेगळाच प्रकार आहे आणि तो त्याच्याच नियमांनी ऐकावा.

खर्जातला

+१. आणि त्याने शब्द कळतात. रॅपर काय म्हणतोय ते ऐकू यावं, माणसाला निवांत होता यावं म्हणून आपण हळू करतो, असं स्क्रूने स्वतः मुलाखतीत सांगितलं होतं.

मीटरगेज

मग यात कलाकारी कुठे आली? हळू करणं तर एका चावीचं काम.

चार_तार

@मीटरगेज, प्रकाराचं पूर्ण नाव 'चॉप्ड अँड स्क्रूड'. हळू करणं हा निम्मा भाग. चॉप हा हाताचा.

त्यासाठी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लागतात. अ टर्नटेबलवर एक, ब वर दुसरी. ब एक ठोका मागे ठेवायची. दोन्ही चालू, ऐकू येते फक्त अ. आता अ वर तिसरा ठोका येताना क्रॉसफेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज अ वरून ब वर नेणारी सरकपट्टी, ब कडे ढकला. ब मागे असल्यामुळे दुसरा ठोका पुन्हा ऐकू येतो. लगेच परत अ वर या. तिथे आता चौथा चालू आहे. कानाला मिळालं एक, दोन, दोन, चार. शब्द दुमडला गेला, एक ठोका गिळला गेला, पण मोजणी चुकली नाही. म्हणून पाय थांबत नाही. नुसती फीत मागे घेऊन शब्द परत वाजवला तर मोजणी मोडते, आणि नवशिके इथेच फसतात.

बिघडतं कुठे? दोन टर्नटेबलच्या वेगात एक दशांश टक्क्याचा जरी फरक राहिला तरी चार मिनिटांत पाव सेकंदाची फारकत पडते. ९० च्या लयीत एक ठोका दोन तृतीयांश सेकंदाचा. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त गाडी घसरली. त्यामुळे दर काही ओळींनी ब च्या कडेला बोट लावून ती जागेवर आणावी लागते. दुसरं, दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा हवा, नाहीतर दुमडलेला शब्द दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. आणि हे सगळं नंतर आणखी हळू होणार असतं, त्यामुळे हाताची चूक ताणली जाऊन जास्त स्पष्ट ऐकू येते.

कुठला शब्द दुमडायचा हे कान ठरवतो. प्रत्येक चौथ्या ठोक्याला चॉप मारणारे पुष्कळ आहेत, ते दहा मिनिटांत कंटाळा आणतात. स्क्रू ओळीच्या अर्थावर थांबायचा.

तिसरा_वॉर्ड

तंत्र उत्तम सांगितलंत. थोडा इतिहास जोडतो, कारण स्क्रू पोकळीतून आलेला नाही.

ह्यूस्टनमध्ये जेम्स प्रिन्स यांनी १९८६ मध्ये रॅप-अ-लॉट रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. त्यांचा गेटो बॉइज हा गट, स्कारफेस, विली डी आणि बुशविक बिल. १९९१ मधलं त्यांचं 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' बिलबोर्डच्या मुख्य यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. गाण्यात बढाई नाही. रात्री झोप न येणारा, सगळीकडे संशय घेणारा माणूस स्वतःशी बोलतो. खाली आयझॅक हेजच्या गिटारचा तुकडा फिरत राहतो. दक्षिणेतलं रॅप म्हणजे नाचगाणी, हा समज त्या गाण्याने मोडला असं मी मानतो. ती लयही निवांतच आहे. म्हणजे स्क्रूच्या आधीच या शहराचा कान खालच्या लयीला सरावलेला होता.

शिवाय १९८० च्या दशकातच डॅरिल स्कॉट हा स्थानिक डीजे मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी ३३ फेऱ्यांवर लावून हळू केलेल्या कॅसेट विकत होता. ४५ वरून ३३ म्हणजे पाच अर्धस्वरांहून जास्त उतार, तोही एका बटणात. स्क्रूने तो कच्चा उतार ताब्यात आणला, त्याला चॉप जोडला आणि गल्लीतल्या मुलांना माइकसमोर बसवलं. तीच मंडळी पुढे स्क्रूड अप क्लिक झाली. फॅट पॅट, त्याचा भाऊ हॉक, लिल कीकी, बिग मो, बिग पोकी, झी-रो.

पोर्ट आर्थर हे तेलशुद्धीकरणाचं गाव दीड तासावर. तिथले पिंप सी आणि बन बी, म्हणजे यूजीके, यांनाही ह्यूस्टनच्याच घराण्यात मोजतात.

रानवारा

त्या मुलांनी मूळ वेगात रॅप केलं आणि नंतर हळू केलं, की गातानाच हळू?

तिसरा_वॉर्ड

मूळ वेगात. वर चार_तार यांनी सांगितलेली शेवटची चावी आवाजासकट सगळ्याला लागते, म्हणून कॅसेटवर ती पोरं चाळिशीच्या धिप्पाड माणसांसारखी वाटतात.

सगळ्यात गाजलेली कॅसेट 'जून २७'. १९९६ मधला क्लिकमधल्या डी-मोचा वाढदिवस. क्रिस क्रॉसच्या एका गाण्याची नुसती चाल फिरवत ठेवली आणि एकामागून एक जण येऊन ३५ मिनिटांहून जास्त वेळ उत्स्फूर्त बोलत राहिले. पुढे २००९ मध्ये कॅनडाच्या ड्रेकने त्यावर आपलं गाणं उभं केलं. ह्यूस्टनमध्ये २७ जून हा आजही लक्षात ठेवायचा दिवस आहे.

लोक स्क्रूकडे गाण्यांची यादी देऊन खास आपल्यासाठी कॅसेट बनवून घेत. वाढदिवस, कुणी सुटून आला, कुणी गेला. मधेमधे गल्लीतल्या लोकांची नावं घेतली जात. मिनिआपोलिसमध्ये २०२० मध्ये पोलिसांच्या गुडघ्याखाली मेलेले जॉर्ज फ्लॉइड ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड भागातल्या क्यूनी होम्स वसाहतीत वाढले, आणि 'बिग फ्लॉइड' या नावाने त्यांचा आवाज स्क्रूच्या कॅसेटवर आहे. सगळं जग तो माणूस शेवटच्या नऊ मिनिटांनी ओळखतं. त्या कॅसेटवर तो तरुण आहे, मित्रांत उभा राहून शब्द जुळवतोय. माझ्या लेखी हा संग्रह त्या वस्त्यांचा दप्तरखाना आहे.

औषधवाला

धागा सुंदर चाललाय, पण मूळ लेखातल्या एका वाक्याला हरकत आहे. सिरप बाजूला काढू नका.

ते सिरप म्हणजे कोडीन आणि प्रोमेथाझिन. कोडीन शरीरात मॉर्फिन बनतं आणि मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंदावतं. प्रोमेथाझिन गुंगी आणतं आणि ती मंदी वाढवतं. जोडीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या आल्या की माणूस झोपेत श्वास घ्यायचा थांबतो. चव गोड, त्यामुळे किती पोटात गेलं हे कळत नाही. शिवाय काहींच्या यकृतात कोडीनचं मॉर्फिन जन्मतःच झपाट्याने होतं, त्यांना दुसऱ्याला झेपलेलं प्रमाणही घातक ठरतं.

स्क्रूच्या मृत्यूच्या तपासणीत कोडीन निघालं. पिंप सी ४ डिसेंबर २००७ ला गेला, त्यातही हेच सिरप आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार. हे प्रत्येक चाहत्याने पुन्हा पुन्हा सांगायला हवं, विशेषतः आपल्याकडे खोकल्याच्या बाटल्या पोरांच्या हाती सहज पडतात म्हणून.

खर्जातला

@औषधवाला, तुमचा शब्द न् शब्द मान्य, आणि हरकतही मान्य. सिरप त्या जगात होतं, गाण्यांत त्याचं कौतुक होतं, त्याने माणसं नेली. माझा आक्षेप कारणमीमांसेला आहे. डॅरिल स्कॉटच्या हळू कॅसेट आधीपासून विकल्या जात होत्या. दारू आणि जॅझ एकाच खोलीत असायची म्हणून जॅझ दारूतून निघालं असं आपण म्हणत नाही.

गाडीचा मुद्दा मात्र अजून कुणी घेतला नाही.

पुठ्ठा_वूफर

घेतो.

ह्यूस्टन शहराचं क्षेत्रफळ १७०० चौरस किलोमीटरच्या आसपास. बृहन्मुंबई सहाशेच्या. तिथे लोकल नाही, चालायला सावली नाही, उन्हाळा दमट. आयुष्य गाडीत जातं. संगीत गाडीत ऐकायचं तर ते गाडीच्या डिकीसाठी घडतं.

पट्टी उतरली की बासही उतरतो. ५० हर्ट्झचा ड्रम ०.८१ ने ४० वर येतो. हा आवाज कानापेक्षा बरगडीत जास्त लागतो, आणि त्याला मोठा पडदा हवा, म्हणून १५ इंची वूफर. खोकं छिद्राचं असेल तर ते ३५ हर्ट्झच्या जवळ जुळवावं लागतं. ४५ वर जुळवलेल्या खोक्यात हीच कॅसेट वाजवली तर त्याखाली हवेचा आधार सुटतो, पडदा मोकाट हलतो आणि कॉइल मार खाते. साध्या वेगाच्या गाण्यांना व्यवस्थित वाजणारं खोकं स्क्रूच्या कॅसेटवर फाटतं, ते यामुळे. दुसरी तक्रार नेहमीची, ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावतात. वायर बारीक असते किंवा अर्थिंग रंगलेल्या पत्र्यावर जोडलेलं असतं. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्यावं. नंबरप्लेट खडखडत असेल तर मागे फोमची पट्टी.

हळू ठोक्याचा आणखी एक फायदा. ठोके लांब पडले की एक विरायला वेळ मिळतो, मग दुसरा येतो. डिकीत गुरगुर साचत नाही, प्रत्येक ठोका सुटा लागतो.

तिसरा_वॉर्ड

आणि त्या गाड्या! स्लॅब म्हणतात त्यांना. जुनी कॅडिलॅक किंवा ब्यूइक, रस्त्यावर मुंगीच्या पावलाने. चाकांना बाहेर कोपरासारख्या आलेल्या तारांच्या रिम, १९८३-८४ च्या कॅडिलॅकवरच्या. म्हणून गाण्यांत 'एटी-थ्री', 'एटी-फोर' हे आकडे सारखे येतात. ते साल आहे, हे माहीत नसलं की अर्धी गाणी डोक्यावरून जातात. जुन्या रिम दुर्मीळ झाल्या आणि चोऱ्या व्हायला लागल्या, मग नव्या घडवून मिळू लागल्या. मागे तिरपं पाचवं चाक, डिकी उघडली की आत निऑनमध्ये लिहिलेला मजकूर.

रंग कँडी. आधी चंदेरी किंवा सोनेरी धातूचा थर, त्यावर पारदर्शक रंगाचे अनेक हात, शेवटी चकाकीचे हात. रंगाची खोली हातांच्या संख्येवर ठरते. एका फवाऱ्यावर दुसरा सारखा पडला नाही तर उन्हात वाघाचे पट्टे दिसतात. आणि ओरखडा पडला तर तेवढाच तुकडा जुळवणं जवळजवळ अशक्य, अख्खं पॅनेल करावं लागतं. एवढं करून वेगात पळवायची कशाला? बघायला वेळ मिळायला हवा. गाडी हळू, गाणं हळू.

मीटरगेज

मानलं. आता संगणकावर करायचं तर कुठून सुरू करू?

चार_तार

ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर पुरे. 'चेंज टेम्पो' वापरू नका, त्यात पट्टी तशीच राहते आणि आवाज किडल्यासारखा होतो. वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय घ्या, उणे १५ पासून सुरू करा, ९० च्या गाण्याला उणे १९ पर्यंत जा. १४० चं हल्लीचं ट्रॅप (हिप हॉपचाच एक प्रकार) असेल तर ते मुळात ७० सारखंच चालतं, उणे १० बास.

एमपी-३ घेऊ नका. त्यात १६ हजार हर्ट्झच्या वरचं बहुधा कापलेलं असतं. हळू केल्यावर ती कात्री १३ हजारांवर येते आणि झांज घोंगडीखाली गेल्यासारखी वाटते. वेव्ह किंवा फ्लॅक फाइल घ्या. चॉप आधी करा, हळू नंतर. आणि घुमारा शक्यतो नकोच. तो पुढच्या पिढीने जोडलेला आहे. स्क्रूच्या कॅसेट कोरड्या आहेत.

ह्यूस्टनकर

उत्तर ह्यूस्टनचं नाव राहिलं. १९९७ मध्ये मायकेल वॉट्स आणि ओजी रॉन सी यांनी स्विशाहाउस ही रेकॉर्ड कंपनी काढली. स्क्रू दक्षिणेचा, हे उत्तरेचे. न्यूयॉर्कच्या कंपन्या विचारत नव्हत्या, त्यामुळे माल डिकीतून आणि गल्लीतल्या दुकानांतून खपत होता आणि पैसा गावातच राहत होता. २००५ मध्ये माइक जोन्स, पॉल वॉल, स्लिम थग, कॅमिलियनेअर एकदम देशभर गाजले तेव्हा त्यांना गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही, ते आधीच होतं. दुःख एवढंच की स्क्रू तेव्हा हयात नव्हता.

आपली बरीच मराठी मंडळी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड आणि केटी या उपनगरांकडे राहतात. त्यांच्यासाठी: स्क्रूने १९९८ मध्ये उघडलेलं दुकान, स्क्रूड अप रेकॉर्ड्स अँड टेप्स, आधी कलन बुलेवार्डवर होतं, पुढे वेस्ट फुक्वा रस्त्यावर गेलं. आणि त्याच्या हजाराहून जास्त तबकड्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेल्या आहेत. दोन प्रतींची जोडी पाहायची असेल तर तिथे.

रानवारा

मूळ कॅसेट मिळतात का? वाजवण्याजोग्या?

चार_तार

ग्रे टेप म्हणतात त्यांना. मॅक्सेलच्या १०० मिनिटांच्या कॅसेट, एका बाजूला ५० मिनिटं. ४४ मिनिटांचं मिक्स १२ टक्के उतरवलं की बाजू नेमकी भरते. पण १०० मिनिटांची फीत ६० वाल्याहून पातळ, आणि वर्षानुवर्षं तापलेल्या गाडीत पडलेली. ताणलेली असते, अडकते. मिळालीच तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि पहिल्याच वेळी वाजवताना रेकॉर्ड करून ठेवा. प्रतीवरून काढलेली प्रत असेल तर खरखर वाढलेली आणि वरचा आवाज गेलेला असतो. तो दोष तुमच्या डेकचा नाही.

खर्जातला

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, पुठ्ठा_वूफर यांच्या ४० हर्ट्झमध्ये आणि तिसरा_वॉर्ड यांच्या रंगाच्या हातांमध्ये.

@रानवारा, सुरुवात 'जून २७' पासूनच करा. डिजिटल रूपात तो बारावा अध्याय म्हणून मिळतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही, म्हणजे निम्मं गाणं गेलं. गाडीत लावा, काचा वर, वेग तीसच्या आत.

रानवारा

रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना लावते.